ऑरेस्टचा गुडघा आणि कोठारातला मसूर

ऑरेस्ट स्लोबोडियनच्या डाव्या गुडघ्याचा आवाज यायचा. पीक कापणाऱ्या कंबाइन यंत्राच्या शिडीच्या पहिल्या पायरीला कट्, दुसरीला कट्, आणि केबिनचं दार उघडेपर्यंत त्याच्या तोंडून असा एखादा शब्द निघायचा, जो त्याने चर्चमध्ये कधी उच्चारला नसता. चर्चमध्ये तो गायचा. कॅनडातल्या सॅस्कटून शहराच्या वायव्येला सव्वा तासावर दोलिना नावाचं गाव आहे. तिथल्या घुमटवाल्या लाकडी चर्चमध्ये रविवारी पाद्रीबाबांच्या प्रत्येक ओळीला गाऊन उत्तर देणारा आवाज गेली तीस वर्षं ऑरेस्टचाच होता. दोन-दोन तास ताठ उभं राहून गाणारा हा माणूस गेल्या वर्षापासून खुर्चीच्या पाठीला धरून गायला लागला, तेव्हा गावाला कळलं की प्रकरण साधं नाही.

वय अडुसष्ट. ज्या घरात जन्मला त्याच घरात राहणारा. आजोबा युक्रेनहून आले, त्यांनी झाडं तोडून जमीन मोकळी केली. वडिलांनी तिच्यावर गहू घेतला आणि ऑरेस्टने गव्हाच्या जोडीला मसूर आणला. दोन मुली, एक कॅल्गरीला आणि एक सॅस्कटूनला. दोघींनाही शेतीचं नाव काढलेलं चालत नाही. त्यामुळे शेतावर माणसं दोनच. कंबाइनवर ऑरेस्ट आणि धान्याच्या ट्रकवर त्याची बायको व्हेरा. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. त्यातला बराचसा संसार त्यांनी वायरलेसवरच केला, असं व्हेरा म्हणते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांचं पत्र आलं. चौदा महिने वाट पाहिल्यावर गुडघा बदलायचा नंबर लागला होता, फेब्रुवारीत. व्हेराने पत्र मोठ्याने वाचलं आणि मध्येच तिचा आवाज बारीक झाला. खाली लिहिलं होतं की तीन महिन्यांची सरासरी शुगर आठच्या आत असल्याशिवाय शस्त्रक्रिया होणार नाही, जखम चिघळण्याचा धोका असतो. जानेवारीत पुन्हा रक्त तपासू. आठच्या वर असेल तर नाव रांगेच्या शेवटी जाईल.

ऑरेस्टची ही सरासरी तेव्हा नऊ पूर्णांक एक होती.

“रांगेच्या शेवटी म्हणजे किती?” त्याने विचारलं.

“आणखी सव्वा-दीड वर्ष.”

ऑरेस्टने बोटांवर हंगाम मोजले. दीड वर्ष म्हणजे मधली एक पेरणी आणि एक कापणी. ती शिडी या गुडघ्याने आणखी एक हंगाम चढणं शक्य नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि ऑरेस्ट चढला नाही तर जमीन खंडाने द्यावी लागणार. शहरातल्या एका कंपनीचा माणूस दोनदा येऊन व्हेराच्या हातचा केक खाऊन गेलाच होता.

ऑरेस्टचा धाकटा भाऊ मायरन तीन मैलांवर राहतो, गुरं पाळतो. त्यालाही शुगर. पण त्याने दोन वर्षांपूर्वी ब्रेड, बटाटा, भात, पास्ता सगळं सोडलं आणि अंडी, मांस, लोणी, चीज आणि पालेभाजी एवढ्यावर आला. वीस किलो उतरला. त्याची तीन महिन्यांची शुगर सहाच्या आसपास असायची आणि ते तो कोणालाही, न विचारता सांगायचा.

“सोपं आहे,” मायरन म्हणाला. “कार्ब बंद. शुगर येणार कुठून? गुरांना दाणा घातला की ती फुगतात, गवतावर ठेवली की नाही. तू आयुष्यभर दाण्यावर आहेस, ऑरेस्ट.”

“तू गवत खातोस का?”

“मी गवत खाणाऱ्याला खातो. मधला माणूस गाळला.”

ऑरेस्टने दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. सकाळी चार अंडी आणि बेकन. दुपारच्या डब्यात सॉसेज, चीज, उकडलेली अंडी, काकडी. व्हेराच्या भट्टीतल्या राय-ब्रेडकडे, म्हणजे राय धान्याच्या काळसर पावाकडे, तो बघायचाही नाही. आणि खरं सांगायचं तर आकडे भराभर खाली आले. सकाळी उपाशीपोटी तिथल्या मापाने अकरा, म्हणजे आपल्याकडचे दोनशे, असायचे ते तीन आठवड्यांत सातावर. चार ते सात चांगली, असं दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं. ऑरेस्टने फ्रीजवर एक कागद चिकटवला आणि रोजचा आकडा पेन्सिलीने लिहायला लागला. व्हेराला वाटलं, चला, मार्ग सापडला.

सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात गव्हाची कापणी चालू होती. दोन दिवसांनी पाऊस येणार असं रेडिओ सांगत होता, म्हणून ऑरेस्टने डबा उघडायलाही कंबाइन थांबवलं नाही. साडेतीनच्या सुमारास व्हेरा ट्रक घेऊन वावराच्या कडेला उभी होती. तिला दिसलं, कंबाइनची रेघ वाकडी होते आहे. ऑरेस्टची रेघ वाकडी होत नसे. शेजारचे लोक त्याच्या रेघेवरून आपली रेघ धरायचे. आणि आता ते अवाढव्य यंत्र, दारू प्यायल्यासारखं, हळूहळू पाणथळ डबक्याच्या बाजूला चाललं होतं.

“ऑरेस्ट, कुठं चाललास?” तिने वायरलेसवर विचारलं.

खरखर झाली. मग आवाज आला, “कोण बोलतंय?”

“कोण बोलतंय काय? मी, व्हेरा!”

“तू नको मला शिकवूस,” तो चिडून म्हणाला. पंचेचाळीस वर्षांत वायरलेसवर तो कधी चिडला नव्हता.

व्हेराने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. डबक्यापासून पंधरा पावलांवर कंबाइन थांबलं. ती धावत गेली, शिडी चढली, दार उघडलं. ऑरेस्ट घामाने निथळत होता आणि त्याचे हात थरथरत होते. त्याला काही कळत नव्हतं. तिच्या खिशात ट्रकमधली कोकची अर्धी बाटली होती. का घेतली ते तिलाही सांगता आलं नाही. ती तिने त्याच्या तोंडाला लावली. डब्यातल्या यंत्राने बोटाचं रक्त तपासलं तर दोन पूर्णांक आठ. वीस मिनिटांनी तो माणसात आला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं:

“डबकं मला दिसलं होतं.”

“तुझं थोबाड तुला दिसायला हवं होतं,” व्हेरा म्हणाली, आणि मग शिडीच्या पायरीवर बसून रडली.

दुसऱ्या दिवशी पाऊस आलाच. ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली. तिथं आहार सांगणारी मारिसेल नावाची फिलिपिन्सची बाई होती, तिशी-पस्तिशीची, बारीक चणीची. तिने त्यांनी सोबत आणलेला फ्रीजवरचा कागद नीट वाचला, कौतुकही केलं. मग विचारलं, “मिस्टर स्लोबोडियन, गोळी चालू आहे ना तुमची? सकाळची?”

“एकही चुकवली नाही.”

“हं. ती गोळी साखर खाली ढकलते. आणि तुम्ही ताटातली साखरच काढून घेतलीत, वर दुपारचं जेवण टाळलंत. मग ढकलायला उरलं कोण? तुम्हीच.”

“मायरनला कधी असं झालं नाही.”

“त्यांनी सुरू करायच्या आधी विचारलं होतं. डॉक्टरांनी त्यांची ही गोळी आधी बंद केली, मग त्यांनी ब्रेड बंद केला. तुम्ही विचारलंत?”

ऑरेस्ट खिडकीबाहेर बघायला लागला. विचारणं हा स्लोबोडियन घराण्याचा गुण नव्हता. नव्या यंत्राचं पुस्तक ते शेवटी उघडायचे, यंत्र बंद पडल्यावर.

मायरनला हे कळलं तेव्हा तो ओरडला, “सांगितलं होतं मी! पहिल्याच दिवशी सांगितलं, आधी डॉक्टरांना भेट!”

“तू शंभर गोष्टी सांगतोस,” ऑरेस्ट म्हणाला. “त्यातली कोणती ऐकायची ते कसं कळणार?”

डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. मारिसेलने मायरनच्या पद्धतीला नावं ठेवली नाहीत. ती म्हणाली, त्यांना ते जमतं, आकडे उत्तम आहेत, शुगर त्याने लवकर खाली येते हेही खरं. पण तुमचं काय? सहा महिने, दोन वर्षं, असं राहाल? ऑरेस्टने खरं ते सांगितलं. त्याला रात्री राय-ब्रेड स्वप्नात येत होता, पोट साफ होत नव्हतं, आणि मांसाचा वास आता सकाळी नको वाटत होता.

“मग दुसरा रस्ता बघू,” मारिसेल म्हणाली. “कार्ब बंद नाही करायचे, निवडायचे. काही धान्यं पोटात गेली की साखर एकदम उसळते, काहींची हळूहळू चढते. त्यालाच ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. पांढरा ब्रेड, कुस्करलेला बटाटा, कॉर्नफ्लेक्स, हे उसळणारे. सातू, अख्खं धान्य, घेवडा, वाटाणा, हे हळू. त्याच्याबरोबर थोडं मांस, अंडं, भाजी. आणि प्रमाण. चांगलं आहे म्हणून बादलीभर नाही.”

“म्हणजे माझा गहू वाईट?” ऑरेस्टला ते लागलं होतं.

“गहू वाईट नाही हो. त्याचं पीठ करून, पांढरं करून, फुगवून खाता ते. तोच गहू अख्खा उकडून खाल्लात तर तुमच्या पोटाला तो फोडायला वेळ लागतो. आणि सगळ्यात चांगलं काय सांगू? मसूर.”

व्हेराने नवऱ्याकडे पाहिलं.

“काय झालं?” मारिसेलने विचारलं. “आवडत नाही?”

“माहीत नाही,” ऑरेस्ट म्हणाला. “कधी खाल्ला नाही.”

बावीस वर्षं तो मसूर पेरत होता. मसुराला पाऊस किती लागतो, फूल कधी येतं, शेंग जमिनीला किती टेकते, कापणीचं पातं किती खाली धरावं, हे त्याला तोंडपाठ. ट्रक भरून तो एलिव्हेटरला, म्हणजे धान्याच्या उंच गोदामाला, जायचा, तिथून आगगाडीने बंदराला, तिथून जहाजाने हिंदुस्थानात, तुर्कस्तानात. तो खाण्याचा पदार्थ आहे हे ऑरेस्टला ठाऊक होतं, जसं डिझेल विहिरीतून निघतं हे ठाऊक असतं तसं. पण तो आपल्या ताटात येतो असं कधी मनातच आलं नाही. तो खातात ते दुसरे लोक.

गंमत पुढेच आहे. दवाखान्यातून घरी जाताना दोघं कोऑपच्या दुकानात शिरले आणि व्हेराने मसुराचं अर्ध्या किलोचं पाकीट विकत घेतलं. दुकानाच्या मागच्या खोलीत सकाळी साडेनऊला गावातले म्हातारे शेतकरी कॉफीला बसतात. हवामान, भाव, गुडघे आणि कोण कुठं चुकला याची रोजची झडती तिथं होते. पाऊस असल्याने त्या दिवशी टेबल अजून भरलेलं होतं. ऑरेस्ट पाकीट हातात घेऊन आत डोकावला आणि लॉइड हनाट्युकने, म्हणजे त्याच्या शाळेपासूनच्या मित्राने, ते पाहिलं.

“ऑरेस्ट, ते काय आहे हातात?”

“काही नाही.”

“मसूर! अरे देवा. स्वतःच्या कोठारात साठ टन आणि हा माणूस अर्धा किलो विकत घेतोय! उद्या विटा विकत घेऊन भट्टीवाल्याला देशील.”

“कोठारातला माल खायचा नसतो,” ऑरेस्ट म्हणाला.

“का?”

ऑरेस्टने पाकीट कोटाच्या खिशात कोंबलं. टेबलाशी बसले होते अकरा शेतकरी, त्यांतले सात मसूर पेरणारे, आणि एकानेही तो शिजवलेला पाहिला नव्हता. लॉइड हसायचा थांबला आणि म्हणाला, “खरंच रे. का?”

त्या संध्याकाळी ऑरेस्ट लंगडत कोठाराशी गेला आणि खालची झडप सरकवून बादलीभर मसूर घेऊन आला. सालासकट, तपकिरी, मातीचा वास असलेला. व्हेराने स्वयंपाकघराच्या टेबलावर जुनी चादर पसरली आणि खडे, काड्या, गव्हाचे दाणे निवडायला बसली. पहिल्या दिवशी एक खडा राहिलाच, तो ऑरेस्टच्या दाताखाली आला. दुसऱ्या दिवशी तिने कांदा, गाजर, लसूण घालून घट्ट शिजवला आणि वर मायरनकडचं सॉसेज चिरून घातलं. ऑरेस्टने एक चमचा खाल्ला, थांबला, दुसरा खाल्ला.

“काय?” व्हेराने विचारलं.

“वाईट नाही.” आणि थोड्या वेळाने, जणू कोणाची तरी माफी मागतो आहे अशा सुरात, “चांगला आहे गं.”

पहिल्या पंधरवड्यात पोटाने फार बंड केलं. कॉफीच्या टेबलावर मंडळी खुर्च्या लांब सरकवून बसायची आणि लॉइड दाराजवळची जागा धरायचा. मारिसेल म्हणाली, रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी फेका, थोड्यापासून सुरू करा. तसं केलं आणि बंड शमलं. सकाळी जाड ओटची लापशी आणि अंडं. दुपारी मसूर किंवा सातूचं सूप, त्याबरोबर अख्ख्या दाण्याच्या राय-ब्रेडचा एक काप. एकच, आणि जाड कापायचा नाही. व्हेरा तो पट्टी लावल्यासारखा कापायची. रात्री मांसाचा तुकडा, भाजी, दोन लहान बटाटे, तेही सालासकट आणि उकडून गार केलेले. भूक लागली तर सफरचंद आणि मूठभर अक्रोड.

आकडे मात्र मायरनसारखे धपकन पडले नाहीत. आठ, साडेसात, आठ, साडेआठ, सात. फ्रीजवरचा कागद बघून ऑरेस्टला धीर धरवत नसे. नोव्हेंबरच्या मध्यावर रक्त तपासलं, तीन महिन्यांची शुगर आठ पूर्णांक दोन.

“बघ,” मायरन म्हणाला. “माझ्या रस्त्याने सहा झाली असती.”

“तुझ्या रस्त्याने कंबाइन डबक्यात गेलं असतं,” व्हेरा म्हणाली.

“आता गोळी निम्मी आहे. आता करू दे त्याला. दोनच महिने उरलेत, वहिनी. हळूहळू चढणारं, हळूहळू उतरणारं, हे सगळं ठीक आहे. तारीख हळूहळू येत नाही.”

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच ऑरेस्ट दोन दिवस फ्रीजवरचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होता. तिसऱ्या दिवशी तो मारिसेलकडे जाऊन बसला. परत मांसावर जाऊ का, असं त्याने सरळ विचारलं. आता तो विचारायला शिकला होता. ती म्हणाली, जाऊ शकता, गोळीचं मी डॉक्टरांशी बोलते. पण या सरासरीत अजून ऑगस्टचे वाढलेले आकडे धरलेले आहेत. गेल्या महिन्यातले आकडे बघा. हे असेच राहिले तर जानेवारीत आठच्या खाली याल असं मला वाटतं.

“वाटतं?”

“वाटतं. लिहून देत नाही.”

ऑरेस्टला ते आवडलं. जे लोक लिहून देतात त्यांचं बियाणं त्याने दोनदा घेतलं होतं.

शिवाय घरात दुसरीही एक अडचण होती. नाताळच्या आधीचे चाळीस दिवस व्हेरा मांस शिजवत नाही. तिच्या सासूने पाळलं, तिने पाळलं. जुन्या पंचांगाने त्यांचा नाताळ सात जानेवारीला येतो. मायरनच्या रस्त्याने जायचं तर त्या दिवसांत खायचं काय? मसूर, घेवडा, सातू, मासे, अळंबी, कोबी यांवर ते दिवस आरामात निघत होते. ऑरेस्टने ठरवलं, आहे हेच चालू ठेवायचं. त्या दिवशी संध्याकाळी तो जेवणानंतर अंगणात वीस मिनिटं चालला, काठी टेकत, बर्फातून. आणि मग रोजच चालायला लागला.

पण रक्त द्यायचं होतं नऊ जानेवारीला. आणि सहा तारखेच्या संध्याकाळी, नाताळच्या आदल्या दिवशी, पवित्र जेवण.

त्या जेवणाला टेबलावर बारा पदार्थ असतात, सगळे बिनमांसाचे (मासे चालतात), आणि प्रत्येकाने प्रत्येक पदार्थ चाखायचा. सुरुवात होते ती अख्ख्या गव्हाच्या खिरीने. मध आणि खसखस घातलेली ती खीर घरातल्या थोरल्याने आधी तोंडात घालायची. त्याशिवाय कोणी चमचा उचलत नाही. वडील गेल्यापासून थोरला ऑरेस्ट होता.

चार तारखेला तो व्हेराला म्हणाला, “या वेळी मी मासा आणि अळंबी खाईन. बाकी नको.”

“आणि खीर?”

“खीर मायरनला घेऊ दे पहिल्यांदा.”

व्हेरा कणीक मळत होती. तिचा हात थांबला. “मायरन थोरला कधी झाला?”

“तीन महिने मी राबलोय, व्हेरा. पाच दिवस उरलेत. एका मधाच्या चमच्यासाठी तो गुडघा घालवू?”

“मी कुठं काय म्हणते?” ती म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली, पण इतक्या जोराने की टेबलाचे पाय वाजले.

दुसऱ्या दिवशी ऑरेस्टने दवाखान्यात फोन लावला. मारिसेलने ऐकून घेतलं आणि ती हसली. “मिस्टर स्लोबोडियन, ही तीन महिन्यांची सरासरी आहे. एका संध्याकाळने ती हलत नाही. तुम्ही एकशेवीस एकरांचं उत्पन्न काढता तेव्हा एका पोत्याने सरासरी बदलते का?”

“नाही.”

“मग? आणि मला सांगा, ती खीर कशी करतात?”

ऑरेस्टने सांगितलं. अख्खा गहू रात्रभर भिजवून तास-दोन तास उकडतात. खसखस वाटून घालतात. मध.

“अहो, मधाशिवाय तिला मी चांगलीच म्हणेन! अख्खाच तर गहू. मध निम्मा करा.”

व्हेराने त्याच्या हातातून फोन घेतला. “मध माझ्या सासूच्या मापाने पडतो,” ती म्हणाली. “पण वाटी लहान घेते.”

“चालेल, मॅडम. आणि बारा पदार्थ म्हणजे बारा ताटं नव्हेत, बारा घास. बटाट्याच्या करंज्या तीन. जेवल्यावर दोन तासांनी तपासा. दहाच्या आत असेल तर मला मेसेज करा, म्हणजे मलाही बरं वाटेल.”

सहा तारखेला आकाश निरभ्र होतं, उणे एकतीस. सॅस्कटूनची मुलगी नवऱ्यासह आली होती, मायरन आला होता. पहिली चांदणी दिसल्यावर ऑरेस्ट टेबलाच्या टोकाला उभा राहिला. ख्रिस्त जन्मला, असं त्याने खुर्चीला न धरता गाऊन म्हटलं, आणि लहान वाटीतली खीर चमच्याने तोंडात घातली. तो ती खूप वेळ चावत राहिला. सगळे चमचे हातात धरून थांबले होते.

“गिळ की आता,” मायरन म्हणाला. “भूक लागली इथं.”

मायरनने आपल्या पद्धतीने खिरीचा एकच चमचा घेतला, मग खारवलेला हेरिंग मासा, अळंबी, कोबी यांवर आडवा हात मारला आणि करंज्यांची थाळी पुढे ढकलली. ऑरेस्टने घेवडा घेतला, बिटाचं सार घेतलं, करंज्या तीन घेतल्या आणि चौथीकडे बघितलं. त्याला कोणी काही म्हणालं नाही. चौथी त्याने स्वतःच जावयाच्या ताटात टाकली.

दोन तासांनी स्वयंपाकघरात तपासणी झाली. रक्ताचा थेंब निघेना, बोटं गार पडली होती. मुलीने त्याचा हात दोन्ही हातांत धरून चोळला. यंत्राने पाच सेकंद घेतले.

“आठ पूर्णांक सात,” मुलगी म्हणाली. “दहाच्या आत, बाबा!”

“माझी सहा असेल,” मायरन म्हणाला.

“तुला विचारलं का कोणी?” व्हेरा म्हणाली, आणि सगळे हसले. मायरनही. मग तो भावाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, “नऊ तारखेला मी घेऊन जातो तुला. रस्त्यावर बर्फ असेल.”

नऊला रक्त दिलं. निकाल तीन-चार दिवसांनी कळणार होता. ते दिवस ऑरेस्टने कसे काढले कोण जाणे. यंत्रशाळेत जाऊन त्याने स्वच्छ असलेले पाने पुन्हा पुसले. दहा सेकंदांत कॉफी प्यायली. चर्चमध्ये एका ओळीच्या जागी दुसरी ओळ गायली आणि पाद्रीबाबांनी चष्म्यावरून पाहिलं. कंपनीच्या माणसाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, “पुढच्या आठवड्यात सांगतो,” आणि फोन ठेवून पुन्हा पाने पुसायला गेला.

तेराला, दुपारी जेवणाच्या आधी, भिंतीवरचा फोन वाजला. ऑरेस्टने घेतला. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

“हो. बोलतोय. हं.” मग तो नुसता ऐकत राहिला. “हं. हो. समजलं. हो. आभारी आहे.”

त्याने फोन जागेवर ठेवला आणि तसाच उभा राहिला. व्हेराच्या हातात डाव होता. तिला त्याची पाठ तेवढी दिसत होती, आणि त्या पाठीवरून तिला काहीच कळेना.

“ऑरेस्ट?”

तो अजून भिंतीकडेच तोंड करून होता.

“अरे, काय झालं ते सांग की! वर आहे का? किती वर?”

“सात पूर्णांक सहा,” तो भिंतीला म्हणाला.

“काय?”

तो वळला. डोळे ओले होते आणि तोंड हसत होतं, आणि दोन्ही एकदम कसं करायचं हे त्याला जमत नव्हतं. “सात पूर्णांक सहा. अकरा फेब्रुवारी, सकाळी सातला पोचायचं. आदल्या दिवशी रात्रीपासून काही खायचं नाही.”

व्हेराने डाव कुठं ठेवला तिला आठवत नाही. ती त्याला बिलगली आणि मग त्याच्या छातीवर मुठीने दोन-तीन हलके गुद्दे मारले. “हं हं करत होतास! मेल्यासारखा हं हं! माझा जीव गेला इथं!”

“ती बाई भराभर बोलत होती. मी तारीख लक्षात ठेवत होतो.”

“लिहून घ्यायची!”

“पेन्सील फ्रीजवर होती. तिथपर्यंत तार पोचत नाही.”

मग त्यांनी मायरनला फोन केला. मायरन एवढ्या मोठ्याने ओरडला की व्हेराला टेबलापाशी ऐकू आलं. ऑपरेशननंतर सहा-सात आठवडे गुरं सोडून मीच तुमच्याकडचं बर्फ काढायला येणार, कोणाला बोलवायचं नाही, असं त्याने बजावलं. पेरणीला मे उजाडतो. तोपर्यंत तू शिडी चढशील, नाही चढलास तर मी खालून ढकलीन, असंही म्हणाला. कंपनीच्या माणसाला मात्र व्हेराने स्वतः फोन केला. ती काय बोलली ते ऑरेस्टने ऐकलं नाही, पण फार वेळ लागला नाही.

जेवायला कोबी आणि मसूर होता. ऑरेस्ट नेहमीएवढंच जेवला. मग बाहेरच्या खोलीतल्या कोचावर, गुडघ्याखाली उशी घेऊन, जरा पाठ टेकतो म्हणाला. व्हेराने भांडी घासली, दोन्ही मुलींशी फोनवर बोलली, पुन्हा एकदा बोलली, आणि येऊन पाहिलं तर तो गाढ झोपला होता. तोंड उघडं, एक हात खाली लोंबलेला. पत्र आल्यापासून दिवसाढवळ्या तो असा कधी झोपला नव्हता. तिने हात उचलून पोटावर ठेवला, पांघरूण घातलं, आणि फोनचा आवाज बारीक केला.